सत्तर वांगी आणि पाच बेटं

१

रविवारी दुपारी साडेबारा वाजता लंकाबाईनं पातेल्यावरचं फडकं ओढून काढलं, झाकण उचललं आणि परत ठेवलं. थोडं थांबून तिनं ते पुन्हा उचललं. आत काही फरक पडला नव्हता. मग तिनं होडीच्या मागच्या टोकाला इंजिनापाशी उभ्या असलेल्या नवऱ्याला हाक मारली.

"अवो, इकडं या. वांगी नायत."

"नायत म्हंजे?"

"नायत म्हंजे नायत. रस्सा हाय बोटभर. वांगी गेली."

होडीत चौदा माणसं मांडीवर पत्रावळ घेऊन बसली होती. गंगापूर धरणाच्या पाण्यात तिसऱ्या बेटाजवळ होडी उभी होती. सकाळी साडेआठला काठावरून निघताना लंकाबाईनं सगळ्यांसमोर ते पातेलं होडीत चढवलं होतं. भरलेल्या वांग्यांचा असा वास सुटला होता की दोघा-तिघांनी तेव्हाच विचारलं होतं, जेवण किती वाजता?

बुधा आला. त्यानं पातेल्यात डोकावलं, मग होडीच्या तळाशी बघितलं, मग आभाळाकडे बघितलं. तेवढ्यानं वांगी मिळाली नाहीत.

"मला आधीच शंका होती!" कारभारी शेवाळे उभे राहिले. ते लासलगावचे कांद्याचे आडते, अंगानं भरपूर. ते उभे राहिले की होडी त्यांच्या बाजूला कलायची, म्हणून बाकीचे दुसऱ्या बाजूला सरकले. "जाहिरातीत काय लिहिलं होतं? दिवसभर पाच बेटं, जेवण होडीतच. कुठं हाय जेवण? रिकामं पातेलं बांधून आणलं आणि वरून रश्श्याचा वास लावला!"

"शेठ, देवाशपथ सत्तर वांगी होती," लंकाबाई म्हणाली. "मी सवता भरली."

"मग पोहत गेली का?"

पुढच्या बाकावर पाटबंधारे खात्याचे ओव्हरसियर बागूल बसले होते. ते सहलीला आले नव्हते, तपासणीला आले होते. ही चाचणीची फेरी होती. ते 'ठीक' लिहिणार, तर बुधाला होडीचा परवाना मिळणार. त्याचा एक अर्ज आधीच नामंजूर झाला होता, आणि दुसराही झाला तर तिसरा घेणार नाही असं त्याला सांगितलं होतं. ही होडी बांधायला नवरा-बायकोची दोन वर्षं गेली होती.

बागुलांनी पेनाचं टोपण काढलं.

"पाच वाजता आपण काठाला लागू," ते म्हणाले. "तोपर्यंत वांगी कुठे गेली ते कळलं तर ठीक. नाही कळलं, तर भोजनाच्या रकान्यात मला 'प्रवाशांची फसवणूक' असंच लिहावं लागेल. माझा इलाज नाही."

लंकाबाईनं पातेल्यावर झाकण टाकलं.  बुधानं डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला.

२

"केदारे भाऊ, तुम्ही बघा ना," वत्सलाबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी कोपऱ्यात बसलेल्या सहादू केदारेंकडे पाहिलं. सहादूला ते आवडलं नाही. मुळात तो यायलाच तयार नव्हता. बायको जाऊन सात महिने झाले होते. नाशिकरोडच्या कॉलनीतल्या घरातून तो दूध आणायला आणि दळण टाकायला तेवढा बाहेर पडायचा. शेजारच्या वत्सलाबाई म्हणजे रिटायर झालेल्या मुख्याध्यापिका. कॉलनीतली माणसं सहलीला निघाली, तेव्हा त्यांनी शाळेतल्या मुलाला ओढावं तसं त्याला आणून होडीत बसवलं होतं.

"हे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात बत्तीस वर्षं होते," त्यांनी बागुलांना सांगितलं. "हरवलेलं पार्सल हे बसल्या जागी शोधायचे."

"बसल्या जागी नाही हो," सहादू म्हणाला. "हिंडावं लागायचं."

"मग हिंडा!" कारभारी म्हणाले. "होडीत हिंडायला किती वेळ लागतो?"

होडी तीस फूट लांब होती. सहादू उठला तो बुधाच्या हातातल्या टोपीकडे बघून. त्यानं पहिल्यांदा पातेलं पाहिलं. तळाला लाल रस्सा, कडेला मसाला. मधे बोटांनी ओढल्याच्या खुणा होत्या. तेव्हा वांगी होती हे नक्की. रिकामं पातेलं आणलं ही गोष्ट तिथंच मिटली. त्यानं ते बागुलांना दाखवलं.

"मग ती चोरीला गेली," बागूल म्हणाले. "चोरी हेही फार चांगलं नाही."

"पातेलं इथं मागे का ठेवलं होतं, लंकाबाई?"

"सायबांनीच सांगितलं. डिझेलजवळ चूल नको. म्हणून चूल पुढं, मी पुढं भाकऱ्या थापतेय, आणि शिजलेलं समदं मागं."

"बुधा, तू तर मागेच होतास."

"म्या सुकाणू धरून उभा. मधी ही ताडपत्री. मला पुढचं पाणी दिसतं, ताडपत्रीखालचं नाय दिसत."

"बेटावर सगळे उतरले तेव्हा?"

"तवा आमी दोघंच होडीत," बुधा खरं तेच म्हणाला, आणि कारभारींनी लगेच मांडीवर थाप मारली.

"बघा! कबूल झाला!"

सहादू सकाळ आठवत बसला. पहिलं बेट बोरीचं. तिथं सगळ्यांनी बोरं झोडपली आणि ती आंबट निघाली. दुसरं बगळ्यांचं, तिथं फार वेळ कोणी थांबलं नाही, कारण बगळे वर होते आणि माणसं खाली. तिसरं हे. बेटावरून परतताना प्रत्येकाचे हात मोकळे होते. सत्तर वांगी कोणी पदराखाली नेली असती, तर पदर दिसलाच असता.

होडी चालत असताना तर सगळे एकमेकांसमोर होते. ताडपत्रीच्या सावलीत पातेल्याला टेकून कारभारींची आई कुसाबाई बसली होती. वय पंचाहत्तर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिला बाक टोचतो म्हणून पातेल्याचा टेका दिला होता. ती गंगेची ओटी भरायला आली होती. नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि धरणात अडलेलं पाणीही गंगेचंच. म्हातारी काहीतरी पुटपुटायची, पदराखालून हात बाहेर काढायची आणि पाण्यात सोडायची. पहिल्याच वेळी कारभारींनी मोठ्यानं सांगितलं होतं, "आई ओटी वाहतेय, चपला काढा!" सगळ्यांनी चपला काढल्या, हात जोडले, डोळे मिटले. बागुलांनीसुद्धा. सकाळभर हे चाललं होतं. हात बाहेर आला की होडीभर डोळे मिटायचे.

सहादूच्या घरात छप्पन साली धम्मदीक्षा घेतली तेव्हाच हे सगळं बंद झालं होतं. दुसऱ्यानं हात जोडले तर तो आड येत नसे, आणि स्वतः जोडत नसे. तो आपला पाण्याकडे बघत बसे. पाण्यात 'डुबुक' व्हायचं. डाव्या अंगाला पाणकावळे मागे मागे येत होते. बुधा म्हणाला होता, आज मासळी लय वर आलीय.

आणि त्या पातेल्याला टेकून म्हातारीच्या शेजारी आणखी एकजण आडवा झाला होता. तोंडावर टोपी घेऊन, दोन तास. सहादूनं मान वर केली.

"बागूल साहेब," तो म्हणाला, "एक विचारू का? तुम्ही सकाळी कुठे झोपला होता?"

३

 ओव्हरसियरला असं कोणी विचारत नाही.

"मी झोपलो नव्हतो," बागूल म्हणाले. "निरीक्षण करत होतो."

"टोपीखालून?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"इंजिनाचा आवाज ऐकत होतो. आवाजावरून बरंच कळतं."

"तुमचा आवाज जास्त येत होता," वत्सलाबाई म्हणाल्या.

सहादूनं बागुलांचे हात बघितले. निळी शाई होती, मसाला नव्हता. दोन तास ते घोरत होते याला होडीभर साक्षीदार होते. घोरत घोरत वांगी खाता येत नाहीत.

"आता माझंही घ्या," वत्सलाबाई स्वतःच पुढे झाल्या. "मला वांग्यानं अंगावर पित्त उठतं. मी घरून दहीभात आणलाय. मला संशयातून वगळा, नाहीतर राहू द्या, पण दहीभात मी कोणाला देणार नाही."

सहादूला सात महिन्यांत पहिल्यांदा हसू आलं. ते त्यानं खोकल्यात घालवलं.

मग तो कारभारींकडे वळला. "शेठ, तुम्ही वांगी खाता का?"

कारभारींनी आईकडे बघितलं. "आमचं कुलदैवत खंडोबा. आषाढापासून चंपाषष्ठीपर्यंत आमच्या घरात वांगं नाय, कांदा नाय. अजून दोन आठवडे हायेत."

"कांद्याचे व्यापारी तुम्ही."

"म्हणून तर! दिवसभर कांद्याच्या ढिगात उभा, आणि तोंडात पाकळी नाय. सोपं वाटतं का तुम्हाला?"

"मग जेवणात वांगी नव्हती तर तुमचं काय बिघडलं? तुम्ही एवढे का ओरडताय?"

कारभारींनी सदरा झटकला. "तत्त्वाचा प्रश्न हाय," ते म्हणाले. मागून कुसाबाईनं "हूं" केलं. त्या हुंकारात तत्त्वाबद्दल फारसा आदर नव्हता.

सहादूनं लंकाबाईकडून पातेल्यावरचं फडकं मागून घेतलं. तिनं गाठ सोडली नव्हती, घाईत फडकंच ओढून काढलं होतं. त्यामुळे गाठ तशीच होती. सहादूनं ती उजेडात धरली.

"ही तुम्ही बांधली?"

"नाय ओ. म्या साधी बांधते, दोन कान वर ठेवून. ही कुणी बांधली?"

पार्सल ऑफिसात चिठ्ठी फाटून गेलेला माल यायचा, तेव्हा सहादू गाठीवरून गाव सांगायचा. सटाण्याच्या टोपल्यांची गाठ वेगळी, मालेगावच्या कापडाच्या गठ्ठ्यांची वेगळी. ही गाठ तो डोळे मिटून ओळखू शकला असता. दोन वेढे, फास आतून काढलेला आणि टोक वेढ्याखाली दाबलेलं. ओढलं तर आणखी घट्ट बसते, आणि टोक वर उचललं की एका झटक्यात सुटते. कांद्याच्या गोणीची गाठ.

त्यानं होडीभर नजर फिरवली. कारभारींच्या पायाशी एक खाकी पिशवी होती. तिच्या तोंडाला नाडी होती, आणि नाडीला दोन वेढे, आतून फास आणि टोक खाली दाबलेलं.

४

"शेठ, पिशवी उघडा," सहादू म्हणाला.

"का म्हणून?"

"गाठ एकच आहे."

बागुलांनी फडकं आणि पिशवी शेजारी शेजारी धरून पाहिली. गाठी जुळ्या बहिणींसारख्या होत्या. कॉलनीतली माणसं उठून जवळ आली. होडी कलली, तसा बुधा ओरडला, "एका बाजूला नका येऊ! वांग्यांसाठी जीव जाईल!"

"पिशवीत माझं खासगी सामान हाय," कारभारी म्हणाले. त्यांचा आवाज आता खाली आला होता.

"मग तर उघडाच," वत्सलाबाई म्हणाल्या. हा शाळेतला आवाज होता. त्या आवाजापुढे दोन पिढ्यांची दप्तरं उघडली होती.

पिशवी उघडली. टॉवेल निघाला, थर्मास निघाला, आणि टॉवेलात गुंडाळलेला स्टीलचा डबा निघाला. डबा बागुलांनी उघडला. आत भजी होती. तीस-चाळीस असतील. गोल गोल कापलेल्या कांद्याची, कडेनं कुरकुरीत.

वांगं मात्र एकही नव्हतं.

"कारभारी," कुसाबाई म्हणाली.

"आई, ती... पोरीनं घातली. मला माहीतच नव्हतं."

"पोरगी तुझी काल सासरी गेली."

होडीत हशा पिकला. बागुलांनी तोंडावर कागद धरला. कारभारी घामानं ओलेचिंब झाले. "भजी माझी हायेत!" ते शेवटी ओरडले. "कबूल! पण वांगी मी नाय घेतली. ती गाठ मला येत पण नाय! पिशवीची नाडी सकाळी आईनं बांधून दिली, विचारा कुणालाही. माझ्या गोण्या हमाल बांधतात. मी उभ्या जन्मात एक गोणी बांधलेली नाय!"

ते खरं होतं. सकाळी काठावर कारभारी अंगठ्या घातलेल्या बोटांनी नाडीशी झटापट करत होते. म्हातारीनं पिशवी हिसकावून घेऊन दोन चिमटीत बांधून दिली होती, ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

म्हणजे फडक्याची गाठही म्हातारीचीच. पण सत्तर वांगी एकटी म्हातारी खाणार कशी, याचा सहादू विचार करू लागला.

सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. भाकरी आणि ठेचा होता, पण नुसत्या ठेच्यानं डोळ्यांतून पाणी येत होतं. कॉलनीतल्या एका काकांना आजीच्या परडीतला नारळ दिसला.

"आजी, तो नारळ फोडा की. खोबऱ्याची चटणी वाटू, भाकरीबरोबर जाईल."

कुसाबाईनं परडीवर दोन्ही हात ठेवले. "हात लावू नका. तो गंगेचा हाय. ओटीचा. अजून वाहिला नाय."

परडीत नारळ होता. खण होता, घडीसुद्धा मोडली नव्हती. हळदीकुंकवाच्या पुड्या होत्या, दोरा न सोडलेल्या. तांदळाची पुरचुंडी होती.

सहादू त्या परडीकडे बघतच राहिला. ओटी सगळी परडीतच होती. मग सकाळपासून होडीभर माणसं चपला काढून कशाला हात जोडत होती?

५

चौथं बेट म्हणजे गवताची टेकडी आणि एक करंजाचं झाड. बाकी सगळे वरपर्यंत चढून गेले. कुसाबाई झाडाखाली बसली, आणि सहादू तिच्यापासून थोडा लांब बसला.

"आजी, फूल पाण्यात टाकलं तर आवाज होतो का?"

"नाय."

"तांदळाचा?"

"बारीक होतो."

"सकाळी 'डुबुक' होत होतं."

म्हातारीनं त्याच्याकडे नीट बघून घेतलं. "तू डोळं मिटलं नव्हतं?"

"आमच्यात नाही मिटत."

"मला वाटलंच व्हतं, एकजण बघतोय म्हणून." ती गवताची काडी मोडत म्हणाली. "पण तू काय बोलला नाय, म्हणून म्या म्हटलं आंधळा असंल."

"सत्तरच्या सत्तर?"

"एक फुटलं व्हतं. ते धरून सत्तर."

तिनं लपवाछपवी केली नाही. पातेलं पाठीशी होतं. फडकं एका बाजूनं सैल करून ती एकेक वांगं काढायची आणि पुटपुटत पाण्यात सोडायची. मासे खालून येत होते, पाणकावळे मागून. तिसरं बेट यायच्या आत पातेलं संपलं. मग तिनं फडकं बांधलं, हाताला यायची तशी गाठ बांधली. लग्नानंतर वीस वर्षं तिनं लासलगावच्या आवारात गोण्या बांधल्या होत्या, तेव्हा घरात आडत नव्हती. बेटावर उतरून तिनं वाळूनं हात घासले, आणि कोणी विचारलं तेव्हा हळद निघत नाही म्हणाली.

"हे सगळं त्यांनी वांगी खाऊ नयेत म्हणून?"

"माझ्या डोळ्यांसमोर तो नाय खाणार. पर मी जरा आडवी झाले, का त्यानं चार उचललीच असती. मी त्याला जन्म दिलाय, मला नको सांगू."

"मग सगळ्यांचं जेवण का घालवलं? त्यांना सांगायचं, खाऊ नको."

कुसाबाईनं हातातली काडी टाकून दिली.

"गेल्या साली त्याच्या छातीत कळ आली," ती म्हणाली. "सात दिवस दवाखान्यात. मी बाहेर बाकड्यावर. तवा मी खंडोबाला बोलले, ह्याला घरी येऊ दे, पुढल्या आषाढापासनं चंपाषष्ठीपर्यंत ह्याच्या तोंडात वांगं नाय, कांदा नाय जाणार. घरचं पाळणं येगळं, आन् हे बोललेलं येगळं. आता हे त्याला कसं सांगू? ज्याच्यासाठी नवस बोललाय त्याला तो सांगायचा नसतो. सांगितला का गेला. म्हणून चार महिनं मी त्याच्या मागं मागं फिरतेय. बाजारात, लग्नात, मुंबईला पण गेले. आज म्हणाला होडीत जातो, मी म्हणाले मला ओटी भरायचीय."

"आणि भजी?"

"त्याचा वास मला लासलगावापासनं येतोय. ती दुपारच्या फेरीला टाकणार व्हते. तू मधीच घाण केली."

सहादू हसला. या वेळी खोकला आणला नाही. मग थोड्या वेळानं तो म्हणाला, "माझी मंडळी बिड्या काढून घ्यायची. बंडलातून रोज दोन. मला वाटायचं बिडीवाला कमी भरतो. त्याच्याशी मी सहा वर्षं भांडलो."

"मग कधी कळलं?"

"ती गेल्यावर. ट्रंकेत साड्यांखाली होत्या. पिशवीभर."

"ओढल्या?"

"नाही."

टेकडीवरून हसण्या-बोलण्याचे आवाज खाली येऊ लागले. सहादू उठून उभा राहिला.

"आजी, तुमचा नवस मी कोणाला सांगणार नाही. पण पाच वाजता साहेब कागदावर फसवणूक लिहिणार. ती दोघं नवरा-बायको काठावर बसून राहतील. त्यांच्या होडीनं तुमचं काय केलंय? तुमचं काम तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर ती चुगली होईल."

"आन् नाय सांगितलं तर?"

 नाही सांगितलं तर काय करायचं, ते सहादूलाही ठरवता येत नव्हतं.

६

पाचव्या बेटावर कोणी उतरलंच नाही. सगळे थकले होते, आणि कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. लंकाबाई भांडी घासत होती. साडेचार वाजले, काठावरची झाडं दिसू लागली. बागुलांनी फळीवर कागद ठेवून पेन झटकलं.

"लिहू मग?" त्यांनी विचारलं. ते कोणालाच विचारत नव्हते.

"थांबा वो सायेब," कुसाबाई म्हणाली. "वांगी म्या टाकली. पाण्यात."

इंजिन सोडून बाकी सगळं बंद पडलं.

"आई!" कारभारी म्हणाले.

"सकाळधरनं टाकत व्हते. तुमी हात जोडत व्हता."

वत्सलाबाईंनी स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघितलं. बागुलांचा चेहरा हळूहळू लाल झाला. ओव्हरसियर म्हणून आपण वांग्याला नमस्कार केला, हे त्यांच्या ध्यानात येत होतं.

"म्हणजे वांगी खराब होती?" त्यांनी कडक आवाजात विचारलं. "तसं असेल तर मला ते नोंदवावं लागेल."

लंकाबाईनं घासायचा हात थांबवला.

"खराब?" म्हातारी भडकली. "चांगली व्हती म्हणूनच टाकली! खराब असती तर ह्यानं तोंड लावलं असतं का? ह्याला म्या ओळखते. वास घेतला तवाच कळलं, आज हा ऐकत नाय. तेवढा रस्सा ऱ्हायलाय ना? खाऊन बघा."

पातेलं अजून घासायचं होतं. बागुलांनी भाकरीचा तुकडा घेऊन तळाला पुसला आणि तोंडात घातला. मग दुसरा घेतला. तिसऱ्या तुकड्याला कॉलनीतल्या काकांनी पातेलं आपल्याकडे ओढलं. वत्सलाबाई पित्त विसरल्या. पाच मिनिटांत ते पातेलं असं लख्ख झालं की लंकाबाईला घासायचं काही राहिलं नाही. एक कारभारी तेवढे लांब बसले होते, कारण आईनं त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून ठेवलं होतं.

"आणि भजी?" कोणीतरी विचारलं.

"ती तुमी खा," कुसाबाईनं डबा पुढे सरकवला. "आमच्याच कांद्याची हायेत."

"प्रवाशांपैकी एकाचं लेखी लागेल," बागूल बोटं पुसत म्हणाले. "तक्रार शेवाळेंची होती, त्यांनीच लिहून द्यावं, जेवण उत्तम होतं म्हणून."

"मी खाल्लंच नाय, तर उत्तम कसं लिहू?"

"लिही," आई म्हणाली.

कारभारींनी लिहिलं. अक्षर वाईट होतं, पण मजकूर वाचता येत होता. बागुलांनी खाली भोजनाच्या रकान्यात लिहिलं: 'उत्तम. मात्र काही भाग जलाशयातील माशांकडे गेला, त्यास चालक जबाबदार नाही.'

काठाला उतरताना कारभारींनी आईला हात दिला आणि हळूच म्हणाले, "एवढं काय वांग्यासाठी, आई?" म्हातारीनं सहादूकडे बघितलं. सहादू चपला शोधत होता.

परवाना जानेवारीत आला. बुधानं सायकल मारत नाशिकरोडला येऊन तो दाखवला. त्यात एक अट होती, होडीच्या पुढच्या फळीवर तिचं नाव ठळक अक्षरांत लिहिलेलं पाहिजे. बुधा म्हणाला, "आमाला काय सुचत नाय. भाऊ, तुमच्यामुळं मिळाला, नाव तुमीच ठेवा. कुठलं बी ठेवा, तेच रंगवतो."

सहादूनं त्याला चहा दिला. दोघं उंबऱ्यात बसून प्याले. बायकोचं नाव सहादूच्या तोंडापर्यंत आलं होतं. पण सात महिन्यांचे नऊ झाले तरी ते त्यानं कोणासमोर मोठ्यानं उच्चारलं नव्हतं, आणि त्या दिवशीही उच्चारता आलं नाही. कागदावर लिहून देतो, असं तो म्हणाला.

फळीला पांढरा रंग देऊन झाला आहे. त्यावर नाव लिहायचं राहिलं आहे.